निळ्या झग्यातली दहा मिनिटं

राजकुमारीने मराठी बोलायचं नाही, हा पहिला नियम होता. हिंदी चालेल, मधूनमधून इंग्रजी शब्द टाकले तर उत्तम, पण मराठी तोंडातून निघाली की जादू गेली, असं वाढदिवसांना राजकुमाऱ्या पुरवणाऱ्या आमच्या मॅडमचं म्हणणं. मॅडम स्वतः घरी, फोनवर, ऑटोवाल्याशी अस्सल नागपुरी बोलायच्या. "पोट्ट्यायसमोर तेवढं ध्यानात ठेव बाप्पा," हे त्यांनी मला मराठीतच समजावलं.

दुसरा नियम नावाचा. परदेशी सिनेमातल्या राजकुमाऱ्यांचे झगे त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवून इतवारीतल्या एका टेलरकडून शिवून घेतले होते. नाव घेतलं तर कंपनीची नोटीस येते, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. त्यामुळे आमच्यात फक्त निळी, पिवळी आणि गुलाबी. "शनिवारी निळी मोकळी आहे का?" असं फोनवर चालायचं. वाढदिवसाला एखाद्या मुलीने सिनेमातलं नाव घेऊन हाक मारलीच, तर गोड हसायचं. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही.

तिसरा नियम कोणी कधी बोलून दाखवला नाही. चेहरा, गळा, हात, सगळ्यांवर आपल्या रंगाच्या दोन शेड उजळ फाउंडेशन. आणि जिचं दोन शेडने भागत नाही, तिला अस्वल.

अस्वल म्हणजे फोमचं मोठं डोकं, जाड केसाळ अंगरखा आणि तोंडाच्या जागी काळी जाळी. त्या जाळीतूनच पाहायचं, तिच्यातूनच श्वास घ्यायचा. राजकुमारी एसी हॉलमध्ये, अस्वल गेटवर, येणाऱ्यांचं स्वागत करायला. एप्रिलमध्ये नागपुरात संध्याकाळी पाच वाजता गेटवर उभं राहणं काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझी मैत्रीण डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आत शिरायची. तासाभराने मुंडकं काढलं की तिच्या कपाळावर फोमचे वळ उठलेले असायचे. "घे, शिजलं अस्वल," म्हणायची आणि बाटलीभर पाणी एका दमात संपवायची.

ती कुहीकडची. घरी धानाची शेती. धंतोलीत नर्सिंग शिकायची आणि शनिवार-रविवार अस्वल व्हायची, त्यावर तिची खोली आणि मेस चालायची. मुलांना सांभाळणं तिला जमायचं तसं मला कधी जमलं नाही. केक कापताना फुगा फुटून सगळी पोरं एकदम रडायला लागली, तर मी हिंदीत "अरे अरे" करत उभी राहायचे. ती अस्वलाच्या अंगरख्यातच जमिनीवर लोळण घ्यायची आणि पोरं रडता रडता हसायची. निळा झगा मात्र माझ्याकडे होता. मी गव्हाळ, ती काळी. बाकी काही कारण नव्हतं.

मी हे काम करावं हेच मुळात विचित्र होतं. माझे वडील छापखान्यात होते. आमच्या घरात दिवाणाखाली कपडे नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर सतरंजी टाकून बसायचो तेव्हा मी आठव्या वर्षापासून पुस्तिकांची शीर्षकं ओरडून सांगायचे. राजकुमारीची गोष्ट मला कोणी सांगितली नाही. माणूस माणसाला खाली कसा बसवतो, त्याच्या गोष्टी ऐकत वाढले. एम.ए. झाल्यावर दोन वर्षं नोकरी मिळाली नाही तेव्हा हा झगा अंगावर आला. वडिलांना सांगितलं, लहान मुलांचे कार्यक्रम करते. ते म्हणाले, "चांगलं आहे. मुलांना चांगलं काही सांगत जा." मी मुलांना हिंदीत सांगायचे, की राजकुमारी रोज दूध पिते.

त्या मार्चमध्ये एका पार्टीच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत, मैत्रीण म्हणाली, "तुहा झगा दोन मिनिटं देशील का वं?"

"काहून?"

"फोटो पायजे."

तिची धाकटी बहीण सात वर्षांची, गावी दुसरीत. हिने तिला सांगून ठेवलं होतं की मी शहरात राजकुमारी बनते. पोरीने ते शाळाभर केलं. आता वर्गातल्या मुली तिला चिडवत होत्या. तुही ताई अन् राजकुमारी? फोटो दाखव. पोरगी दोन दिवस शाळेत गेली नव्हती.

"खोटं काहून सांगितलं तिले?"

"अस्वल बनतो म्हणून सांगू? माय तर म्हणते, नर्सिंगले पाठवली अन् पोट्टी जनावर झाली."

ती हसली. मी हसले नाही. दोन मिनिटांचं काम होतं. झगा समोर खुंटीवर लटकत होता, दाराला कडी होती, मोबाइल हातात होता. त्या वेळी मी तो तिला दिला असता तर हे लिहायला काही उरलं नसतं.

मी म्हटलं, "चोरून कायले? हॉलमध्ये घाल. एंट्री तू घे."

"भैताड झाली का? मॅडम जीव घेईन."

"मॅडम येते का पार्टीत? मी होतो अस्वल."

तिला नको होतं. हे मी स्वच्छ लिहिते, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस वेगळं सांगत होते. तिला फक्त फोटो हवा होता. पण मला ते लपूनछपून फोटो काढणं सहन होईना. माझ्या डोक्यात वाक्यं तयार व्हायला लागली होती. तीन आठवडे मी तिच्या मागे लागले. तू काय कमी आहेस, तुझा हक्क आहे, वगैरे. शेवटी ती म्हणाली, "बरं वं बाई, घालतो. पण मेकअप तू कर माहा. नीट."

एप्रिलची पार्टी होती, एका मुलीचा पाचवा वाढदिवस. हॉलमध्ये सगळं बर्फाळ निळं. फुगे निळे, केक निळा, पंख्यांना कापसाचे ढग बांधलेले. खोलीत तिला झगा घातला. कमरेत थोडा सैल झाला, मागून पिना लावल्या. सोनेरी केसांचा टोप बसवला. तिने आरशात पाहिलं, टोप जरा सरळ केला. मग फाउंडेशनची डबी माझ्यापुढे धरली.

"लाव."

"नाही लावत."

"म्हणजे?"

"जायचं तर अशीच जा. रंग लपवून गेलीस तर काय अर्थ आहे?"

"अर्थ राहू दे ना. थोडं लाव. तू तर रोज लावते."

"मी चूक करते म्हणून तूही करशील?"

मी डबी घेतली आणि बॅगेत टाकून चेन लावली. बाहेरून डीजेवाल्याने एंट्रीचं गाणं लावलं. तिने एकदा बॅगेकडे पाहिलं आणि झगा उचलून धरत निघाली. मी मुंडकं घातलं आणि तिच्या मागे गेले.

जाळीतून सगळं ठिपक्याठिपक्यांनी दिसतं. धूर सुटला, ती धुरातून पुढे आली, पंधरा-वीस पोरं माना उंचावून पाहू लागली. मग पहिल्या रांगेतला एकजण मोठ्याने म्हणाला, "अरे, ये तो काली है!"

ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. "हाँ रे. धूप में घोड़ा दौड़ा के आई हूँ ना. तेरे को बैठना है घोड़े पे?"

"घोड़ा किधर है?"

तिने माझ्याकडे बोट केलं. पोरं अस्वलावर तुटून पडली. मी चार पायांवर, पाठीवर एक, शेपटीला दोन, आणि ती पुढे माझा कान धरून चाललेली. वाढदिवसाच्या मुलीने तिचं बोट पकडलं होतं, ते सोडायला तयार नव्हती. फोटोवाला मुलगा पुढे पळत फोटो काढत होता. दहा मिनिटं. मी आतून घामाने निथळत होते आणि मला वाटत होतं, झालं, जिंकलो आपण. पोरांना काही फरक पडत नाही. बघा.

मग मुलीची आई आली. चांगल्या घरातली, हसऱ्या चेहऱ्याची बाई. आवाज चढवला नाही. मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेतलं.

"बेटा, मैडम ने तो दूसरी लड़की का फोटो भेजा था ना?"

"जी दीदी, वो..."

"नहीं नहीं, तुम बहुत अच्छा कर रही हो, बच्चे खुश हैं. बस बुरा मत मानना, पूरा थीम आइस-ब्लू है, फोटो में उठके नहीं आएगा. थोड़ा मेकअप करके आ जाओ ना. पाँच मिनट में."

"जी दीदी," ती म्हणाली. आणि ती खरंच निघाली होती. डबी खोलीत होती. पाच मिनिटांत ती परत आली असती, केक कापला असता, संध्याकाळ पार पडली असती.

मी मुंडकं काढलं.

हॉलच्या मधोमध, पोरांच्या घोळक्यात. अस्वलाने पार्टीत मुंडकं कधी काढायचं नाही, चक्कर आली तरी नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यामागचं कारण मला त्या क्षणी कळलं. पोरांनी काय पाहिलं असेल? अस्वलाच्या धडावर घामाने चिकटलेल्या केसांचं बाईचं डोकं, ओरडणारं. मी म्हणत होते की पाच वर्षांच्या मुलीला तुम्ही काय शिकवताय, की रंग धुऊन आल्याशिवाय माणूस फोटोत उभं राहू शकत नाही? आधी हिंदीत, मग तिसऱ्या वाक्याला मराठीत. आणखीही होतं. तीन आठवडे घोकलेलं सगळं होतं. डीजेचं गाणं चालूच होतं, त्यामुळे कोणाला किती ऐकू गेलं देव जाणे. वाढदिवसाच्या मुलीने मैत्रिणीचं बोट सोडलं आणि किंचाळत आईच्या साडीत तोंड खुपसलं. मग मला दिसलं, की ती मुलगीही सावळीच होती. तिच्या चेहऱ्यावर पावडरीचा पांढरा थर होता आणि तो आता रडून ओघळत होता.

आईने मॅडमना फोन लावला. आम्ही ऑटोत बसलो तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. मांडीवर मुंडकं घेऊन मी म्हटलं, "मी काही चुकीचं बोलली का?"

"नाही."

"मग?"

"मी जाऊन राहिली होती ना वं मेकअप करायले."

"पण तिनं तुले म्हटलं काय, ऐकलं ना?"

"मले त्या दवाखान्यात पेशंटचे लोकं रोज म्हणतात. सिस्टर काळी हाय पण हात हलका हाय. मी काय सलाइन फेकून मारू त्याहिले?" मग म्हणाली, "तुह्या घरी पुस्तकं हायेत. तुले बोलता येते. बोलून तू घरी जाते."

मॅडमनी तिला काढलं. मलाही काढलं, पण पंधरा दिवसांत परत फोन. "झालं गेलं सोड. लग्नसराईत वाढदिवस बी तेवढेच आहेत, मले निळी भेटून नाही राहिली." मी विचारलं, तिला घेणार का? मॅडम म्हणाल्या, "तिचं नको सांगू." मी नाही म्हटलं. त्या नकाराचा मला अभिमान वाटला, हेही लिहून टाकते. मला नाही म्हणणं परवडत होतं. जेवायला घरी वडिलांच्या ताटाशेजारी ताट होतं. तिने मेस सोडली आणि खोलीत एक वेळ पोहे भिजवून खायला लागली, हे मला फार नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं.

त्या हॉलमध्ये जे घडलं ते आजही मला तितकंच घाणेरडं वाटतं. गोड बोलून केलेलं म्हणून जास्त. मी बोलले त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण जिच्यासाठी बोलले तिला मी विचारलं नव्हतं, आणि डबी तिच्या हातातून काढून घेतली होती. तिचा रंग तिने दाखवायचा की झाकायचा, हे त्या बाईने ठरवलं तसं मीही ठरवलं.

जुलैमध्ये मैत्रिणीने मला दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. वजन उतरलं होतं. चहा यायच्या आधीच मोबाइल पुढे केला. फोटोवाल्या मुलाचा नंबर तिने शोधून काढला होता.

धुरातून ती पुढे येतेय, एक हात झग्याला, दुसऱ्या हाताचं बोट त्या मुलीच्या मुठीत. सुंदर फोटो. आणि तिचा चेहरा दुधासारखा.

"हे काय?"

"त्यानंच केलं. म्हणे दीदी, साफ करून देतो, पैसे नको देऊ. चांगलं पोट्टं हाय." तिने फोटो मोठा करून पाहिला. "बहिणीनं शाळेत नेला. आता पोट्ट्या तिले राजकुमारीची बहीण म्हणतात. रोज जाते शाळेत."

"ओळखलं तिनं तुले?"

"नाकावरून," ती म्हणाली. "कसा आला सांग ना."

मी म्हटलं, "मूळ फोटो आहे का? साफ न केलेला?"

"हाय."

"मला पाठव."

तिने मोबाइल उपडा करून टेबलावर ठेवला.

"नाही पाठवत."

"काहून?"

"तू लिहिशील त्याच्यावर."

"नाव नाही घालणार."

"फोटो नाही देत," ती म्हणाली. चहा संपवला, दोघींचे पैसे दिले आणि ड्युटीवर निघून गेली. त्यानंतर माझा फोन तिने दोनदा घेतला, दोन्ही वेळा घाईत. तो मूळ फोटो मी पाहिलेला नाही.