रोज चार मापं

माझं काम खालापूरजवळच्या एका कारखान्यात, प्लॅनिंगमध्ये. त्यामुळे कुणी "बघू, करू, होईल" म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. किती करणार आणि कधीपर्यंत, एवढं सांगा. बाकी सगळी बोलाचीच कढी. ही खोड घरीही सुटत नाही. नवरा म्हणतो, हिला चहा ठेव म्हटलं तर आधी किती कप ते विचारते. विचारते. त्यात चुकलं काय?

तर दिवाळीनंतर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी भाकऱ्यांचा धंदा करायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न माझाच होता.

थोरले दीर जाऊन वर्ष होत आलं होतं. पोशीरच्या घरात जाऊबाई एकट्या, मूलबाळ नाही. आम्ही दहिवलीला राहतो, आमच्याकडे या म्हणून सांगून थकलो, पण त्या उंबरा सोडायला तयार नव्हत्या. मग त्यांच्या भावाने निर्वाणीचं सांगितलं. शिमग्यापर्यंत तुझं तुला भागवता आलं तर ठीक, नाहीतर मी टेंपो घेऊन येतो आणि तुला सामानासकट नेतो. भाऊ वाईट नव्हता, उलट फार जीव लावणारा होता. पण त्याच्या भरल्या घरात एका कोपऱ्यात उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे काय, हे जाऊबाईंना कळत होतं आणि मलाही कळत होतं.

नेरळच्या रस्त्यावर एक खानावळ आहे. तिच्या मालकाला चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या हव्या होत्या, आणि जाऊबाईंच्या हातची भाकरी म्हणजे पातळ, मऊ, तव्यावर टम्म फुगणारी. मी त्यांना विचारलं, रोज किती करणार? त्या म्हणाल्या, होतील तेवढ्या. झालं, गेली तिडीक. मी तिथेच ओट्यावर बसून तांदूळ, लाकूड, दळण, औषधं, पावसाआधी शाकारायचं छप्पर, सगळं धरलं आणि आकडा काढला. रोज चाळीस भाकऱ्या, शिमग्यापर्यंत. एवढं जमलं तर भावाला तोंडावर सांगता येईल. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. इतक्या सहज की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आठवड्यातच खानावळवाल्याचा मला फोन. भाकऱ्या कधी अडतीस येतात, कधी सेहेचाळीस. जास्त आल्या तर मी वाळत घालू का, आणि कमी पडल्या तर गिऱ्हाईक मला खातं. त्याचं म्हणणं खरं होतं. मी कामावरून सुटले, दहिवली मागे टाकली आणि स्कूटर तशीच पोशीरला काढली.

जाऊबाई चुलीपुढे होत्या. शेजारी टोपलीत खानावळीच्या संध्याकाळच्या भाकऱ्यांची चळत. मी बोट लावून मोजायला लागले तर त्यांनी झटकन टोपलीवर फडकं ओढलं.

"भाकरी मोजू नये, बाय."

मी म्हटलं, ताई, धंदा आहे हा. मोजल्याशिवाय धंदा कसा होणार?

"तुज्या कारखान्यात मोज. ही पोटात जानारी चीज हाय. मोजली की बरकत जाते."

मोजलेल्या भाकरीने माणसाचं पोट भरत नाही, हे त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. सासूने मलाही सांगितलं होतं, पण मी ऐकणाऱ्यातली नव्हे. मी चिडले. टेंपोची आठवण करून दिली, शिमगा किती जवळ आहे ते सांगितलं. त्या शांतपणे उकड मळत राहिल्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी ताट वाढलं, वालाचं बिरडं आणि गरम भाकरी. राग होता, पण भूकही होती. आधी पोटोबा म्हणतात ते काही उगाच नाही. नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, घरी जाऊन मलाही एकटीलाच गिळायचं होतं. मी जेवले.

जेवताना कोपऱ्यातलं पितळी माप दिसलं. शेराचं, सासऱ्यांच्या वेळचं. माझ्या लग्नानंतरचं पहिलं भात घरात आलं तेव्हा ते खळ्यावर बसून याच मापाने मोजत होते. पहिलं माप ओतताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी. म्हणजे या घरात मोजण्याचं वावडं नव्हतं. फक्त कुठे मोजायचं आणि कुठे नाही, याची रीत होती.

मी विचारलं, ताई, पीठ मोजलेलं चालतं का? त्या म्हणाल्या, पिठाला काय झालंय. एका मापाच्या किती होतात? दहा, आणि एखादी वर. मग झालं की! रोज चार मापं पीठ घ्यायचं, भाकऱ्यांकडे बघायचंही नाही. तिकडे खानावळवाल्याने हव्या तर मोजाव्यात, तो काही खाणारा नाही. जाऊबाई हसल्या. दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम फोन केला तर पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "लाभ, दोन, तीन, चार." मला कारखान्यातला कुठलाही आकडा इतका गोड लागलेला नाही.

त्यानंतर माझं ठरूनच गेलं. आठवड्यातून तीनदा कामावरून पोशीर गाठायचं आणि मापं विचारायची. तीन झाली की चार का नाही झाली, याची उलटतपासणी. लाकूड ओलं होतं, खानावळ बंद होती, हात भरून आला होता. मी ओरडायची, त्या ऐकायच्या, मग ताट वाढायच्या. टोपली रिकामी असली तरी माझ्यासाठी भाकरी असायचीच. ती कुठल्या मापातली, हे मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता उशीर व्हायचा. दिरांबद्दल त्या पहिल्यांदा बोलल्या ते अशाच एका संध्याकाळी. म्हणाल्या, त्यांना भाकरीचा पापुद्रा लागायचा, मी कडा खायची. आता कडा बी माज्या, पापुद्रा बी माजा.

शिमगा आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ टेंपो घेऊन दारात हजर. मीही रजा काढून गेले होते, आणि आकडे मला माहीत होते. शनिवार-रविवारी पाच-सहा मापं उठायची, पण एरवी तीनच. चार रोज झाली नव्हती. कारखान्यात असं झालं असतं तर मीच पहिली म्हणाले असते की बेत फसला.

भावाला जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर त्याने सरळच विचारलं, भागतंय का तुझं? जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हिला इचार, आकडा हिच्याकडं असतो. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण शेवटी जे होतं ते सांगितलं. चार मापं ठरवली होती, तीन होतात.

भाऊ माझ्याकडे बघून मान हलवायला लागला. तेवढ्यात जाऊबाई बोलल्या.

"चार हिनं ठरवली हुती. तीनात माजं पोट भरतंय, दवापानी बी निघतंय. छपराचं मी बघीन. मी माजा आकडा येगळा धरला हुता."

कसला, म्हणून भावाने विचारलं.

"दिस मावळल्यावं एकटीसाटी चूल पेटवायला लय जड जायचं रं. म्हून ठरवलं, हप्त्यातनं तीनदा तरी कोनीतरी ताटावं बसलं पायजे. तेवढं झालं तर हितंच ऱ्हायाचं, नाय झालं तर तुज्या टेंपोत बसायचं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही एकदा बी चुकली नाय."

मी मापं मोजायला जात होते आणि त्या मला मोजत होत्या. मला रडू आवरेना, आणि भावाचंही तेच झालेलं दिसलं, कारण तो उगाच उठून हात धुवायला गेला. ते एकदा धुऊन झाले होते. परत आला तेव्हा म्हणाला, टेंपो आणलाच आहे तर जळणाची लाकडं टाकून जातो, सुकी आहेत.

त्या आठवड्यातले माझे तीन दिवस होऊन गेले होते. शनिवारी मी पुन्हा पोशीरला गेले. मापं विचारली नाहीत. नुसती ताटावर बसले.