जुलियानाबायने एसीच्या जाळीला खळ घातली

वसईतल्या सांडोर गावच्या चर्चमधली अल्तारावरची, म्हणजे वेदीवरची वस्त्रं तीस वर्षं एकाच बाईच्या हातची होती. ती बाई म्हणजे जुलियाना, अख्ख्या गावाची जुलियानाबाय. तिच्या लेखी धुणं म्हणजे नुसतं धुणं नव्हे. आधी भिजवायचं, मग साबण, मग नीळ, मग तांदळाची पातळ खळ आणि शेवटी कोळशाची इस्त्री. यातली एक पायरी जरी चुकली तरी तिच्या मते कपडा धुतलाच नाही. फादर आले नि गेले, पण तिच्या धुण्यात बोट घालायची कुणाची टाप नव्हती.

तिचा नवरा निकोलस, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. माणूस गरीब स्वभावाचा, पण छातीत दमा घेऊन जन्मला होता. लग्न झाल्यापासून बाय त्याच्या छातीची शिट्टी ऐकत आली होती. उतारवयात ती वाढली. त्यात घरासमोरून नव्या इमारतींच्या भरावासाठी मातीचे ट्रक धावू लागले. मास्तर तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. वसईचे डॉक्टर विद्याधर दर महिन्याला एकच सांगायचे, "धूळ बाधते यांना, धूळ!"

१९८४च्या नाताळात थोरला मुलगा कॉन्रॅड कुवेतहून आला, तो खिडकीत बसवायचा एसी घेऊनच. बसवून दिला नि आईला म्हणाला, "मम्मी, एकच लक्षात ठेव. पुढची जाळी पंधरा दिवसांनी काढायची आणि धुवायची. बस्स." एवढं सांगून तो परत गेला. त्या 'धुवायची'चा आपल्या आईच्या घरी अर्थ काय होतो, हे पोराच्या ध्यानात यायला हवं होतं!

एप्रिलात उकाडा वाढला तसं मशीन रोज चालू लागलं. पंधरवड्याने बायने पहिल्यांदा जाळी बाहेर ओढली. जाळीवर करड्या रंगाची, जाडजूड साय धरली होती. बायने ती नखाने उचलली तर सगळीच्या सगळी सुटून आली. दारं-खिडक्या बंद असलेल्या, ती रोज दोनदा पुसत होती त्या खोलीतली ही धूळ. हवा तिला आजवर रिकामी वाटत होती. आपण ज्यात उठतो, बसतो, रोझरी म्हणतो, त्यात एवढं काही तरंगत असतं? आणि हे सगळं मास्तरांच्या छातीत जात होतं? तिने क्रूसाची खूण केली. असं काही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मग जिथे एवढा चमत्कार, तिथे हात आखडता घेऊन कसं चालेल? तिने जाळी अल्ताराच्या वस्त्रांसारखीच भिजवली, साबण लावला, निळीतून काढली. जाळी जरा लुळी वाटली म्हणून मनापासून खळ घातली. सावलीत वाळवली. इस्त्रीचा मोह मात्र प्लास्टिकच्या चौकटीकडे बघून कसाबसा आवरला. कडक, ताठ, चकचकीत झालेली जाळी तिने मशीनमध्ये सरकवली तेव्हा तिचा ऊर भरून आला होता.

तिसऱ्या दिवशी मशीनच्या आत बर्फ धरला. मे महिना तोंडावर आलेला आणि सांडोरात बर्फ! शेजारची कार्मिन धावत आली, मशीनच्या पुढच्या झापडीतून आत डोकावली नि म्हणाली, "बाय गं, काय ताकद म्हणायची या मशिनीची!" जुलियानाबायही फुशारली. पण खोलीत गार वारा काही येईना. खोली कोंदट झाली. मास्तरची शिट्टी आता ओटीवर ऐकू येऊ लागली.

शनिवारी डॉक्टर आले. छाती तपासून त्यांनी बायला बाजूला घेतलं. "सोमवारी यांना पुण्याला सुझानकडे हलवा. इथली हवा आता यांना झेपायची नाही." सुझान म्हणजे बाय-मास्तरांची लेक. मास्तर सगळं ऐकत होता. केळीच्या बागेकडे बघत तो एवढंच बोलला, "गेलो तर परत यायचो नाही मी."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर बायने वटार गावच्या प्लासिडला गाठलं. तो मुंबईत एसी दुरुस्तीचं काम करायचा. घरी येऊन त्याने जाळी काढली, उजेडात धरली नि नखाने टोकरून बघितली.

"मावशी, हिला काय लावलंय?"

"खळ. जरा पातळच घातली हो."

प्लासिड हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने मेणबत्ती मागितली, पेटवून जाळीच्या मागे धरली. "फुंका." बायने गाल फुगवून फुंकर मारली. ज्योत हललीसुद्धा नाही. "बघा. मशिनीचाही असाच श्वास कोंडलाय. म्हणून आतला गारवा आतच गोठला." श्वास कोंडलाय म्हटल्यावर बायला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. ज्या मायेने तिने जाळीची भोकं बुजवली होती, ती माया तिला त्या क्षणी नकोशी झाली.

दोघांनी मिळून गरम पाण्याने खळ काढली. नुसतं पाणी, बाकी काही नाही. पुन्हा मेणबत्ती धरली. बायने अगदी हलकी फुंकर घातली नि ज्योत विझली. बर्फ वितळू दिला, पाणी टिपून घेतलं, मशीन चालू केलं.

दुपारचं जेवण करून मास्तर आत गेला. बाय सुझानकडे न्यायची ट्रंक भरत ओटीवर बसली. चार वाजता चहा घेऊन ती आत गेली, तर तिन्ही उशा जमिनीवर आणि मास्तर पलंगावर सपाट, उताणा. खोलीत आवाज नव्हता. मशीनची घरघर सोडली तर कसलाच नाही. शिट्टीही नाही.

बायच्या हातातला कप पडला. तिने मास्तरला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "अहो मास्तर! मास्तर!"

मास्तरने डोळे उघडले. "काय गं? चाळीस वर्षांनी सुखाची झोप लागली होती. तीही मोडलीस?"

बायने त्याच्या छातीला कान लावला. आत श्वास येत होता, जात होता, बिनआवाजी. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचा नुसता श्वास ती आज पहिल्यांदा ऐकत होती. कान काढून घ्यायचं तिला भानच राहिलं नाही.