अक्काला उन्हात मीच नेलं

‘‘मावशी, आई गेली… आणि तू तिला त्या उन्हात नेलं होतंस,’’ भाचा सुनील फोनवर एका दमात म्हणाला. माझी थोरली बहीण गेली हे नीट कळायच्या आत मी आरोपी झाले होते. त्याला आता सहा आठवडे झाले. डॉक्टर सांगत होते, हृदयाचं दुखणं जुनंच होतं, उन्हातल्या त्या धुळ्याच्या फेरीलाही तीन आठवडे उलटले होते. पण भेटायला येणारी प्रत्येक बाई मलाच विचारायची, ‘‘तुम्हीच नेलं होतं ना त्यांना?’’ हो बाई, मीच नेलं! चोरी केलीय का मी?

अक्काचं घर जळगावात, मेहरूणला. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं तिच्या गच्चीवरून जात. उन्हाळाभर ती तिथे वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांची राखण करत बसायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, ‘‘नवा शे हाऊ, हात थरथरस.’’ पापड, कुरडया, सासू, नवरा, नातवंडं… जन्मभर राखणच केली तिनं. या मे महिन्यात धुळ्याच्या धावपट्टीवर विमानांचा मोठा मेळावा भरणार असं पेपरात आलं, तेव्हा सुनील तिला म्हणाला, ‘‘या वयात कुठे जातेस? मोबाइलवर दाखवतो.’’ तिनं मला फोन लावला. ‘‘बठ्ठा जलम कावळा हाकलामा गया. माले इमान जवळून देखनं शे. तू येस, का एकलीच जाऊ?’’ एकटी गेलीही असती ती बया!

उद्घाटनाच्याच दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं धुळं गाठलं. पाहुणे उशिरा आले, त्यांची भाषणं लांबली, ऊन पार डोक्यावर आलं आणि मग कुठे पहिलं विमान सुटलं. सगळे मांडवात, आणि अक्का डोक्यावर ओला पंचा टाकून थेट धावपट्टीकडेच्या दोरीपाशी. एक स्वयंसेवक धावत आला, ‘‘आजी, सावलीत बसा.’’

‘‘सावलीमा बशीसन काय दिसी रे भाऊ? मांडवनं कापड?’’

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? तिचा चेहरा लालभडक झाला होता. दंडाला धरून आत आणता आलं असतं… नाही आणलं. तेवढ्यात एक विमान इतकं खालून गेलं की तिचा पंचा उडाला. तो उचलायलासुद्धा ती वाकली नाही.

त्या क्षणी मोबाइलवर काढलेला फोटो मी मोठा करून बैठकीत लावलाय. सुनीलकडे आहे तो डोक्यावरून पदर घेतलेला, लग्नातला. गेल्या रविवारी तो आला. माझी उत्तरं घोकून तयार होती, पण भांडायचं सोडून तो भिंतीपुढे उभाच राहिला. वर वळलेली मान, विस्कटलेले केस, उघडं तोंड, पडलेल्या दाताची जागासुद्धा दिसतेय…

‘‘मावशी, आई अशी हसायची? मी कधीच पाहिलं नाही गं.’’

‘‘मीही त्याच दिवशी पाहिलं,’’ मी म्हटलं. ‘‘आणि ऐक सुनील, आत्ता ती दारात येऊन उभी राहिली ना, तरी पुन्हा नेईन. भर उन्हात नेईन.’’