जावेच्या गोंड्यावरच्या माश्या

गंगापूरच्या अलीकडे आमची शेती. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या आणि धाकट्या जावेच्या वाट्याला एकाच काळ्या रानाचे दोन तुकडे आले, मधे बांध. माती तीच, विहीर तीच. म्हणून तर मला जास्त जळायला व्हायचं.

कांद्याचं बी घ्यावं तर माझ्याकडूनच, हे गावात ठरलेलं होतं. रोप टाकायची वेळ आली की बाया वाटी घेऊन माझ्याच दारात यायच्या. मग एका वर्षी जावेनंही बियाण्याचा कांदा लावला.

मी मधला बांध दर उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. भांग पाडल्यासारखा स्वच्छ दिसायचा. तिच्या पलीकडच्या बांधावर मात्र बोरी, तरवड, रुई माजलेली, आणि कांद्याच्या कडेनं कोथिंबीर, बडीशेप फुलायला सोडलेली. गबाळी बाई, असं मी चारचौघींत म्हणायचे.

माघात कांद्याला पांढरे गोंडे आले. तिच्या वावरातून मधमाश्यांची गुणगुण ऐकू यायची, माझ्याकडे नुसतं ऊन. माशी बसल्याशिवाय गोंड्यात बी धरत नाही. मी रोज सकाळी गोंड्यांवरून तळहात फिरवत सुटले. जेवतानाही हाताचा वास जाईना. एवढं करून पाखडायला बसले, तर सुपातलं निम्मं उडून गेलं. तिचं बी काळंभोर, जड. त्या वर्षी बाया माझ्या दारावरून पुढे तिच्याकडे गेल्या. एकीनं मला बघून वाटी पदराआड लपवली.

ते मला गिळवलं नाही. नवऱ्याला सांगितलं, बांध पेटवायचा नाही, फुलांवर औषध मारायचं नाही आणि कडेचे वाफे कोथिंबिरीला सोडायचे. वाफे वाया जातील म्हणाला. जाऊ देत म्हटलं. तिची बडीशेप, तर माझी बडीशेप, वर शेपू आणि मोहरी.

दोन-तीन वर्षांत बांधावरच्या बोरीत मोहोळ लागलं. वाफे कमी, पण बी पूर्वीपेक्षा जास्त निघालं. बाया परत आल्या. मी दारात जरा जास्तच वेळ बसू लागले.

एकदा विहिरीवर जाऊ भेटली. म्हणाली, "आक्का, यंदा माझे गोंडे लई भरले बघा. तुमच्या कोथिंबिरीवरच्या माश्या दिसभर माझ्याच वावरात."

तिच्या मनात काही खोट नव्हती. तेच मला सोसेना. व्हय का, एवढंच बोलून मी कळशी उचलली. फुलवायचं मी आणि भरायचं तिचं! बांध पुन्हा पेटवावा असं कितीदा मनात आलं. पण पेटवला तर माझ्याच सुपात फोल येणार.

आता तिनंही तिच्या बाजूनं मधल्या बांधाला हात लावायचं सोडलंय. होले त्यात घरटी करतात, मुंगसं फिरतात, आणि झाडी इतकी वाढलीय की तिचं वावर माझ्या रानातून दिसत नाही. म्हणून माघ लागला की मी विहिरीच्या कठड्यावर चढते. गुडघे दुखतात तरी चढते. तिचे गोंडे माझ्यापेक्षा मोठेच दिसतात.