भोजराजच्या खोलीतला आवाज

करडीच्या भोजराज बांतेला आसपासच्या गावांत सगळे 'साउंडवाला' म्हणून ओळखत. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक असतं आणि नाटकाला माईक-बॉक्स लागतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून भोजराज या कामात होता. नाटकांचा हंगाम संपला की लग्नाच्या वराती, मग गणपती, मग नवरात्र. मंचाच्या बाजूला माणसाच्या उंचीचे बॉक्स रचलेले असत आणि त्यांना खेटून त्याची खुर्ची. शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला प्रत्येक शब्द कळला पाहिजे, एवढंच तो बघे. वीसेक वर्षं त्याने हे काम केलं, आणि त्याच्या नावावर कधी कोणी तक्रार केली नाही.

करोनात नाटकं बंद पडली. भोजराज घरी बसला. त्याच काळात एकदा अड्याळहून मधुकरराव गभणे त्याच्याकडे आले. मधुकरराव नाटकांत ऑर्गन वाजवायचे, गाणी स्वतः लिहायचे, चालीही स्वतः बांधायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पण मास्तरांचं गाणं एका हंगामापुरतंच जगे. नाटक उतरलं की गाणंही गेलं. पुढच्या वर्षी नवं नाटक, नवी गाणी. मास्तर त्या दिवशी घरापुढच्या छपरीत बसून जुनी एक चाल गुणगुणत होते आणि मधल्या कडव्याला अडले. शब्द आठवेनात. ते हसले आणि म्हणाले, विसरत चाललंच आहे हळूहळू सगळं.

भोजराजच्या मनात ते राहिलं. घराच्या मागे धानाची पोती ठेवायची एक खोली होती. तिथे रेकॉर्डिंग करायचं, मास्तरांची आठवतील तेवढी गाणी धरून ठेवायची, असं त्याने ठरवलं. पुढे नाटकवाल्यांची, भजनी मंडळांची कामंही घेता येतील. रस्त्यावरची धावपळ तशीही त्याला आता नकोशी झाली होती.

आधी काय घ्यायचं यावरून घरात बरेच दिवस चर्चा चालली. भोजराजचं मन मोठ्या स्पीकरवर होतं. आयुष्यभर त्याने स्पीकरच हाताळले होते. त्याची बायको चंदा म्हणाली की वर टिन आहे, दाराला फटी आहेत, बाजूला राईस मिल आहे. आधी खोली बघा. मास्तरांचा भर माईकवर होता.

"जो आवाज आत आला, तोच राहणार आहे," ते म्हणाले. "बाकी सारं मागून बदलता येते. माईकले हात आखडू नोको."

भोजराजने दोघांचंही ऐकलं. टिनाखाली त्याने बांबूच्या कामट्यांचा ताटवा बांधला, त्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर दिला. पोत्यांत तणस भरून, शिवून, ती भिंतींना लटकवली. उंदीर होतील म्हणून चंदा कुरकुरली, तेव्हा त्यात कडुनिंबाचा पाला मिसळला. दाराला जुन्या गोधड्या लावल्या. राईस मिल बंद असे तेव्हा त्या खोलीत बोललेला शब्द तोंडाजवळच थांबायचा. मग माईक आला, माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा आला, भंडाऱ्याहून जुना कॉम्प्युटर आला, एक साधा हेडफोन आला. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेणं भाग होतं. स्पीकर नंतर बघू, असं ठरलं. गाणी वेगळी साठवायला एक हार्ड डिस्कही हवी होती. ती मात्र सगळ्यात शेवटी ढकलली गेली. तिच्यातून काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिची कोणाला घाई नव्हती.

गायला शुभांगी होती, गावातलीच. भजनी मंडळात गायची, दोन हंगाम नाटकातही गायली होती. मास्तर एसटीने यायचे, चार-सहा दिवस मुक्काम करायचे. पहिलं गाणं त्यांनी निवडलं ते तळ्याच्या पाळीवर उभं राहून माहेरच्या वाटेकडे बघणाऱ्या बाईचं. ऑर्गन आणि शुभांगीचा आवाज, दुसरं काही नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर भोजराजने ते मोबाईलवर घेऊन सगळ्यांना ऐकवलं. चंदा भाकरीचं पीठ मळता मळता थांबली. शुभांगीला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. मास्तर फक्त पुन्हा लाव म्हणाले.

एकट्या भोजराजला ते आवडलं नाही. गाण्यावर कोणीतरी कांबळं टाकल्यासारखं त्याला वाटत होतं. शुभांगीचे शब्द स्वच्छ येत नव्हते, ऑर्गनला चमक नव्हती. सगळे कौतुक करताहेत ते आपल्याला बरं वाटावं म्हणून, असा त्याने अर्थ काढला. रात्रभर जागणाऱ्या पब्लिकची सवय असलेला माणूस तो. घरच्यांच्या कौतुकावर त्याचा विश्वास बसेना.

त्याने आवाजाची वरची बाजू, म्हणजे ट्रेबल, वाढवायला सुरुवात केली. थोडी वाढवली, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर पुन्हा बसल्यासारखं. आणखी वाढवली. मग त्याला माईकचा संशय आला. मोबाईलवर माहिती सांगणारे व्हिडिओ बघून त्याने ठरवलं की हा माईक मऊ आहे. तो देऊन त्याने धारदार आवाजाचा दुसरा आणला. तेच झालं. मग हेडफोन बदलला. मग त्याला वाटलं, दोष आपल्या कामात नाही, चांगल्या स्पीकरशिवाय खरं काही कळणारच नाही. नाटकांचे, वरातींचे सगळे बॉक्स त्याने तुमसरच्या एका डेकोरेशनवाल्याला विकले आणि स्टुडिओचे दोन स्पीकर आणले. चंदाने त्या दिवशी जेवताना विचारलं की हंगाम पुन्हा सुरू झाला तर काय नेणार? भोजराज म्हणाला, आता तिकडे जायचंच नाही.

नव्या स्पीकरवरही कांबळं तसंच होतं. शेवटी त्याने तणसावर राग काढला. वरचा आवाज हे तणस खाऊन टाकतं, असं म्हणत त्याने एका भिंतीची पोती काढून गोठ्यात नेली.

तोवर मास्तरांची बरीच गाणी झाली होती. प्रत्येक गाण्याचे आधीचे कच्चे तुकडे, नंतर वरची बाजू वाढवलेले तुकडे, पुन्हा वाढवलेले, यांनी कॉम्प्युटर गच्च भरला. चालता चालता बंद पडू लागला. मास्तरांना हे फोनवर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पहिलेवाले तसेच ठेवजो, भोजराज. ते मले बरे वाटले होते."

भोजराज 'हाव, ठेवतो' म्हणाला. पण पहिली रेकॉर्डिंग त्याच्या कानाला सगळ्यात वाईट होती. ती कोणाच्या हाती लागली तर आपलंच नाव खराब होईल, असंही त्याच्या मनात होतं. हार्ड डिस्क घ्यायची राहिलीच होती. एका दुपारी त्याने कच्चं सगळं, मोबाईलवरचंही, पुसलं आणि तयार झालेली गाणी तेवढी ठेवली. कॉम्प्युटर झरझर चालायला लागला तसं त्याला हलकं वाटलं.

तयार गाणं ऐकायला त्याने शुभांगीला बोलावलं. तिने हेडफोन लावला, अर्ध्या कडव्यापर्यंत ऐकलं आणि काढून मांडीवर ठेवला.

"भाऊ, कानात सुई टोचल्यावानी होऊन राहिलं," ती म्हणाली. "'स' आला का टोचते. आन् आवाज फाटला आहे माहा."

भोजराज चिडला नाही, पण तिला समजावत बसला. मोबाईलच्या आवाजाची सवय लागली आहे तुला, खरा आवाज असाच असतो, वगैरे. शुभांगी ऐकून घेऊन गेली. नंतर बोलावलं की तिला काही ना काही काम निघू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, ती तिरोड्याकडे गेली आणि तिथे तिचं गाणं थांबलं.

पावसाळ्यात मास्तरांना लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांची मुलगी रिता त्यांचं बघायची. भोजराज भेटून आला. मास्तरांचा डावा हात पांघरुणावर ठेवल्यासारखा पडून होता. त्या हाताने आता ऑर्गन वाजणार नव्हता. राहिलं होतं ते भोजराजच्या कॉम्प्युटरात होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी भोजराज खोलीत काम करत बसला होता. वीज गेलेली. चंदा अंगणातून आत आली आणि दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने वर पाहिलं.

"हे कवाचं वाजून राहिलं," ती म्हणाली. "मले आंगणात ऐकू येते. तुमी त् त्याच्या बाजूले बसले आहा."

तिने इन्व्हर्टरकडे बोट दाखवलं. बॅटरी संपत आली होती आणि तो ओरडत होता. भोजराजला इन्व्हर्टरवरचा लाल दिवा मिचमिचताना दिसला. आवाज नव्हता. त्याने कान त्या डब्याजवळ नेला, मग अगदी टेकवला. काहीच नव्हतं. चंदा आत येऊन त्याच्या बाजूला खाली बसली.

भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं आणि ऐकू आलं की बटण दाब म्हणून सांगितलं. भोजराज बराच वेळ बटण न दाबता बसला. डॉक्टरांनी अजून सुरूच केलं नाही, असं त्याला वाटत होतं. नंतर डॉक्टरांनी कागद दाखवला. डावीकडून सरळ आलेली रेघ मधेच कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. खालचे आवाज ठीक होते, वरचे, बारीक आवाज गेले होते. मोठ्या आवाजाजवळ वर्षानुवर्षं बसलं की असं होतं, डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत येत नाही. कानात घालायचं यंत्र बोलणं समजायला कामाचं, गाण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

घरी येताना बसमध्ये त्याने चंदाला विचारलं की पहिलं गाणं खरंच चांगलं झालं होतं का. चंदा खिडकीबाहेर बघत हाव म्हणाली.

तयार गाणी घेऊन तो नागपूरला एका मोठ्या स्टुडिओत गेला. तिथल्या माणसाने तीन-चार गाणी ऐकली, प्रत्येक वेळी आवाज हाताने कमी करत. मग त्याने नीट समजावून सांगितलं. वरची बाजू वाढवली आहे ती खाली आणता येईल, पण ती इतकी वाढवली आहे की आवाजाचा माथाच छाटला गेला आहे. छाटलेलं परत जोडता येत नाही. कच्चं रेकॉर्डिंग असेल तर आणा, एका दिवसात करून देतो. भोजराज म्हणाला, ते नाही. कॉम्प्युटरमधून पुसलेलं परत काढून देणाऱ्यांकडेही तो गेला. त्या जागेवर तोवर इतकं काही लिहिलं गेलं होतं की हाती काही लागलं नाही.

मग तो अड्याळला गेला. हे मास्तरांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये, असं त्याला वाटलं. खाटेजवळ बसून त्याने तळ्याच्या पाळीचं गाणं मोबाईलवर लावलं. रिता पाणी घेऊन आली आणि तिने न विचारता आवाज कमी केला. मास्तरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. गाणं संपल्यावर ते बोलू लागले. शब्द एकात एक अडकत होते, पण भोजराजला कळलं. ते 'पहिलेवाले' म्हणत होते.

"पुसले, मास्तर," भोजराज म्हणाला. "माह्या कानाले ते खराब वाटले. कानच गेले होते माहे."

मास्तरांनी उजवा हात उचलला. रागावतील, असं त्याला वाटलं. त्यांनी तो हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. चेहरा मात्र भिंतीकडे वळवला. रिताने चहा करते म्हटलं, पण भोजराज थांबला नाही.

स्टुडिओचं सामान पुढे मिळेल त्या भावात गेलं. स्पीकर आधी गेले, माईक सगळ्यात शेवटी. माईक घ्यायला आलेल्या माणसाने तो लावून बघितला आणि कसा आहे म्हणून विचारलं. भोजराज म्हणाला, तुम्हीच ऐकून घ्या. खोलीत पुन्हा धानाची पोती आली. नाटकांचा हंगाम सुरू झाला होता, पण त्याच्याकडे बॉक्स नव्हते, आणि असते तरी तो मिक्सरवर बसला नसता. तो राईस मिलमध्ये हमालीला जाऊ लागला. कानातलं यंत्र तो मिलमध्ये घालत नाही. घरी कधीतरी घालतो, चंदाशी बोलायचं असेल तर.

मास्तर पौषात गेले. तेरवीला मांडवात माणसं जमली होती. नाटकवालेही आले होते. कोणीतरी म्हणालं की मास्तरांची गाणी आहेत, ती लावा. भोजराजने नंतर पाठवलेली तयार गाणी रिताच्या मोबाईलवर होती. तिने आधी नको म्हटलं, मग माणसांच्या आग्रहापुढे मोबाईल दिला. मांडवातल्या साउंडवाल्याने तळ्याच्या पाळीचं गाणं लावलं.

भोजराज पंगतीच्या कडेला बसला होता. ऑर्गन सुरू झाला आणि त्याने मान वर केली. मांडवाच्या मोठ्या बॉक्समधून शुभांगीचा एकेक शब्द त्याच्यापर्यंत येत होता. कांबळं नव्हतं. गाणं त्याला जसं हवं होतं तसंच ते ऐकू येत होतं. समोरच्या बायकांनी पदर कानावर घेतले होते. एका लहान मुलीने तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्या ओळीला कोणीतरी हात हलवून खूण केली आणि साउंडवाल्याने गाणं बंद करून भजन लावलं. माणसं पुन्हा बोलायला लागली. वाढणारा भोजराजच्या पत्रावळीपुढे येऊन काहीतरी विचारत होता. काय विचारतो आहे ते त्याला समजलं नाही, म्हणून त्याने नुसती मान हलवली.