चिमट्याएवढी इ

मोखाड्याजवळच्या पाड्यावर शाळेतल्या बाई पोरांना एकमेकांना चिमटे काढायला लावून ऱ्हस्व इ शिकवतात. "चिमट्याएवढंच ओरडा! मयताला आल्यासारखा गळा काढू नका!"

मी लातूरकडचा, दुसरीतच शाळा सोडलेला, इथे रस्त्याच्या कामावर आलेलो. शाळेच्या नळावर पाणी भरायला गेलो, तर बाईंनी हातात खडूच दिला.

"दादा, खांदा दुखतोय माझा. फळ्यावर इ काढा."

मी कशीबशी काढली.

"बाई, त्याची इ लंगडी!" पोरं खिदळली.

"गप्प! आजपासून सगळ्यांनी अश्शीच काढायची."

परवा साहेब तपासणीला आले. सगळ्या पाट्यांवर लंगड्या इ.

"हे कुणी शिकवलं?"

नळाशी मी भरलेला हंडा ओतून पुन्हा भरायला लागलो.

"मीच," बाई म्हणाल्या. "चिमटा काढून दाखवू का, साहेब?"