घासलेटाशेजारचा गूळ

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी लोणावळ्यात रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. कचेरीत माझ्या टापटिपीचं कौतुक होई, त्यामुळे मला स्वतःबद्दल बरेच गैरसमज होते. पत्नी तिसऱ्या बाळंतपणासाठी तळेगावला माहेरी गेली. घरी दोन मुली, स्वयंपाकाला माझी म्हातारी आत्या आणि घर चालवायला मी. जाताना पत्नीने एवढंच सांगितलं, की जे जिथे आहे ते तिथेच राहू द्या.

ती गेल्यावर पहिल्याच रविवारी मी फडताळ रिकामं केलं. डब्यांवर खळीने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कचेरीतल्या फायलींसारखे ते अक्षरांच्या क्रमाने लावले. सुरुवात खालच्या फळीपासून केल्यामुळे मीठ, मोहरी, साखर, हळद सगळ्यात वर गेली. आत्याचे गुडघे दुखायचे, तिला स्टुलावर चढवेना. आमटीला फोडणी पडली की ती मला हाक मारी आणि मी अर्ध्या दाढीने मीठ काढायला धावे. तरी पद्धत चुकली असं मला वाटलं नाही. आत्याला सवय नाही, असं वाटलं.

भांडी घासायला कुरवंड्याहून एक मावशी येत. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "दादा, गूळ आन् घासलेट शेजारी ठिवलंय तुमी. वास लागंल."

मी त्यांना गंभीरपणे समजावलं, की ग नंतर घ येतो, त्याला माझा इलाज नाही.

"आमास्नी अक्षरं न्हाई येत," त्या म्हणाल्या, "पन नाक हाय."

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या गाडीने सासरे आले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं त्यांनी सांगितलं. आनंदाच्या भरात चहा मीच केला. साखर वरच्या फळीवर होती, म्हणून हाताशी असलेला गूळ घातला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, थोडे थांबले आणि उरलेला चहा हळूहळू संपवला. मग त्यांनी विचारलं, की लोणावळ्याच्या पाण्यात काही औषधी गुण आहेत का. मी हो म्हणालो आणि माझा कप तोंडाला लावला. तेव्हा कुठे मला कळलं, की जावयाची अब्रू राखायला त्या माणसाने काय गिळलं होतं.

तरीही मी डबे हलवले नाहीत. आता चूक कबूल करायची म्हणजे आत्यापुढे आणि मावशींपुढेही करायची!

तीन महिन्यांनी पत्नी आली. बाळाला माझ्या हातात देऊन ती फडताळापुढे उभी राहिली. मी तिला सगळी पद्धत समजावून दिली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मीठ दिवसातून किती वेळा लागतं?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ती हसली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तिने पदर खोचला आणि दुपारच्या जेवणाआधी सगळे डबे परत जागच्या जागी लावले. मध्येच बाळ रडू लागलं. मी तिला काय करू म्हणून विचारलं, तर ती पाठमोरीच म्हणाली, की खांद्यावर घ्या आणि फिरा. मी फिरत राहिलो.